निवडून दिले, पण हिशेब कोणी घ्यायचा?

वाचकांचे प्रश्न : ग्रीक तत्त्वज्ञान आणि आजचा नागरिक

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. लांब पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : राजकारणात भाग न घेणाऱ्याला ग्रीक लोक ‘इडियट’ म्हणत, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे का?

अर्धेच खरे आहे. मूळ शब्द ‘इडिओटेस’. त्याचा अर्थ खासगी माणूस, ज्याच्याकडे कोणतेही सार्वजनिक पद नाही असा. वैद्याच्या शेजारी उभा केला तर वैद्यकी न शिकलेला माणूसही इडिओटेसच. त्यात शिवी नव्हती. मूर्ख हा अर्थ पुढे हा शब्द इतर भाषांतून फिरला तेव्हा त्याला चिकटला.

व्याख्यात्याच्या मनात बहुधा अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याचे वाक्य असावे. इ.स.पू. ४३१ च्या हिवाळ्यात युद्धात पडलेल्यांसाठी त्याने केलेले भाषण इतिहासकार थ्युसिडिडीसने दिले आहे. त्यात तो म्हणतो की जो सार्वजनिक कामात अजिबात पडत नाही, त्याला आम्ही ‘आपल्या कामाशी काम ठेवणारा’ न म्हणता ‘निरुपयोगी’ म्हणतो. टीका आहे ती या शब्दात.

ॲरिस्टॉटल याहून नेमके बोलतो. एखाद्या ठिकाणी राहतो म्हणून कोणी नागरिक होत नाही, कारण परदेशी रहिवासी आणि गुलामही तिथेच राहतात. निर्णय घेण्यात आणि न्याय देण्यात ज्याचा वाटा आहे, तो नागरिक. अथेन्समध्ये हा वाटा मोजता येत होता. इ.स.पू. चौथ्या शतकात आमसभा वर्षाला ४० वेळा भरे. आमसभेचे काम आखणारे पाचशेंचे मंडळ दरवर्षी नवे बनवले जाई. न्यायालयांसाठी दरवर्षी तिशी ओलांडलेल्या ६,००० जणांची यादी होई. प्रौढ पुरुष नागरिक त्या शतकात साधारण ३०,००० च्या आसपास होते. म्हणजे बहुतेकांवर कधी ना कधी पाळी येणारच. पाळीपाळीने सत्ता चालवणे आणि सत्तेखाली राहणे, दोन्ही ज्याला जमते तो चांगला नागरिक, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे अशा व्यवस्थेकडे पाहून आले आहे.

प्रश्न : अथेन्समध्ये पदे सोडतीने देत असत. मग नालायक माणूस पदावर येत नसे का?

येऊ शकत होता, आणि ते त्यांनाही ठाऊक होते. म्हणूनच नुसत्या सोडतीवर त्यांनी कधी भिस्त ठेवली नाही. तिच्याभोवती बरीच कुंपणे घातली.

सोडत कुठे नको, हे आधी ठरवले. दहा सेनापती हात वर करून निवडले जात आणि त्यांना कितीही वेळा पुन्हा निवडता येई. पेरिक्लीस सलग १५ वर्षे निवडून आला, असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो. जिथे चूक झाली तर माणसे मरतात आणि कौशल्य उघड दिसते, तिथे निवड. बाकीची बहुतेक पदे सोडतीची, पण ती एकट्याच्या हातात नसत. दहा-दहा जणांची मंडळे, मुदत एक वर्ष. पाचशेंच्या मंडळात आयुष्यात दोनदाच बसता येई. मंडळाचा अध्यक्ष तर फक्त एका दिवस-रात्रीपुरता. खजिना आणि दफ्तर असलेल्या देवळांच्या किल्ल्या आणि राज्याचा शिक्का तेवढा वेळ त्याच्याकडे, आणि हा मान पुन्हा मिळत नसे.

पद हाती येण्याआधी ‘दोकिमासिया’ नावाची चौकशी होई. वरिष्ठ अधिकाऱ्यांना विचारायचे प्रश्न ठरलेले होते: वडील कोण, आई कोण, आजोबा कोण, कुळाची देवस्थाने आणि थडगी कुठे आहेत, आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरतोस का, युद्धावर गेला होतास का. मग साक्षीदार, आणि शेवटी सभेला विचारणा: या माणसाविरुद्ध कोणाला काही म्हणायचे आहे का? या यादीत हुशारीची परीक्षा कुठेच नाही, हे लक्षात घ्या. ज्याने घरची आणि गावाची देणी चुकवली नाहीत तो पदाचीही चुकवणार नाही, एवढाच अंदाज त्यामागे होता.

न्यायालयाच्या पंचांसाठी तर यंत्रच होते, ‘क्लेरोटेरिऑन’. दगडाची उभी शिळा आणि तिच्यात पट्ट्या बसवण्याच्या खाचा. ॲरिस्टॉटलच्या काळी एका यंत्रात अशा पाच उभ्या रांगा असत आणि प्रत्येक जमातीसाठी (नागरिक अशा दहा गटांत वाटलेले होते) दोन यंत्रे. पंचाच्या नावाची लाकडी पट्टी खाचेत बसवायची. बाजूच्या नळीत काळे-पांढरे ठोकळे मिसळून ओतायचे आणि खालून एकेक काढायचा. पांढरा आला तर त्या आडव्या ओळीतले पाचही जण आज पंच. काळा आला तर पाचही घरी. पट्ट्या बसवणारा माणूससुद्धा सोडतीनेच ठरे, म्हणजे त्याच्या हातचलाखीची भीती नको. मग कोणत्या न्यायालयात बसायचे, याची आणखी एक सोडत. एवढा व्याप लाचखोरीमुळे वाढला. इ.स.पू. ४०९ च्या सुमाराला अनिटस नावाच्या सेनापतीने पंचांना पहिल्यांदा लाच दिली, अशी नोंद आहे. पुढे सॉक्रेटिसवर खटला भरणाऱ्या तिघांपैकी हा एक. सकाळपर्यंत कोणाला कुठे बसायचे हेच ठाऊक नसेल, तर पैसे द्यायचे कोणाला?

ही पद्धत आज नव्याने वापरली जाते आहे. आयर्लंडमध्ये २०१६ ते २०१८ या काळात चिठ्ठीने निवडलेले ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष असे मंडळ बसले. गर्भपातावरील घटनात्मक बंदीबद्दल त्यांनी शिफारस केली आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती बंदी काढण्याच्या बाजूने कौल दिला. बेल्जियमच्या जर्मनभाषक भागात २०१९ पासून सोडतीने निवडलेल्या २४ जणांचे कायमचे मंडळ आहे.

तुमच्या एखाद्या संस्थेत करून पाहायचे असेल तर आधी सदस्यांची यादी सर्वांसमोर लावा आणि हरकतींना मुदत द्या. सोडतीनंतर यादीवर वाद निघाला की सगळेच गेले. दहा जण हवे असतील तर दहा मुख्य आणि किमान पाच राखीव नावे एकाच बैठकीत काढा. अथेन्समध्येही मंडळाच्या सदस्यांसाठी राखीव नावे काढत. चिठ्ठ्या सर्वांसमोर मोजून टाका आणि त्या काढणारा माणूसही आयत्या वेळी ठरवा. या पद्धतीचे खरे दुखणे वेगळे आहे: नाव निघालेले लोक नकार देतात. ज्यांना वेळ आहे आणि ज्यांचे मत आधीच पक्के आहे तेवढेच उरतात, आणि सोडत नावापुरती राहते. अथेन्सने यावर भत्त्याचा उपाय केला. पंचांना आधी दिवसाला दोन आणि मग तीन ओबोल (छोटी नाणी) मिळत. आमसभेला येणाऱ्यांनाही इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीपासून पैसे मिळू लागले. भत्ता फार नव्हता, पण रोजंदारीवर जगणाऱ्याला एक दिवस काढता येईल एवढा होता. गरिबाला वेळ विकत घेऊन द्यावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. आजही मंडळाच्या सभा कामाच्या वेळात ठेवल्या की कोण येणार आणि कोण नाही, हे तिथेच ठरून जाते.

प्रश्न : जहाज कप्तानाने चालवावे, खलाशांच्या मतदानाने नव्हे, असे प्लेटो म्हणतो. त्याचे चूक काय?

‘रिपब्लिक’च्या सहाव्या भागातली ही उपमा दमदार आहे आणि तिचा अर्धा भाग मान्य करायलाच हवा. ज्ञानाला महत्त्व आहे. उत्तर ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात दिले आहे. काही गोष्टींचा निवाडा त्या बनवणाऱ्यापेक्षा वापरणारा चांगला करतो. घर कसे झाले हे गवंड्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला कळते, सुकाणूची पारख सुताराला नसते, ती सुकाणू धरणाऱ्याला असते, आणि जेवण कसे झाले ते आचाऱ्याला नव्हे, पाहुण्याला विचारावे.

त्याच ठिकाणी तो एक जोडी सांगतो. सामान्य लोकांना सर्वोच्च पदे द्यावीत की नाही, याबद्दल तो साशंक आहे. पण अधिकारी निवडणे आणि अधिकाऱ्यांचा हिशेब घेणे, ही दोन कामे लोकांकडे असावीत, असे तो म्हणतो, आणि अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याने तसेच केले होते याची आठवण देतो. या जोडीतले पहिले काम आज आपण उत्सवासारखे करतो. दुसरे जवळपास टाकून दिले आहे, आणि नागरिक म्हणून आपली सर्वांत मोठी उणीव हीच आहे, असे आम्हाला वाटते. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

प्रश्न : निवडून दिलेल्या माणसाचा हिशेब घ्यायचा म्हणजे नेमके काय करायचे? सभेत उठून विचारले की भांडण होते आणि हाती काहीच लागत नाही.

भांडण होते, कारण प्रश्न विचारण्याची रीत ठरलेली नसते. अथेन्सची रीत पायऱ्यापायऱ्यांची होती आणि तिला ‘एउथिना’ म्हणत.

वर्षभर चालू असलेली पायरी अशी: वर्षाचे दहा भाग, आणि प्रत्येक भागातल्या मुख्य आमसभेत एक ठरलेला प्रश्न: अधिकारी काम नीट करत आहेत का? हात वर. म्हणजे वर्षात दहा वेळा. नाराजी साठून एकदम फुटायला जागाच राहत नसे.

मुदत संपल्यावर प्रथम पैशाचा हिशेब. सोडतीने नेमलेले दहा हिशेबनीस तो तपासत आणि प्रकरण न्यायालयापुढे नेत. अफरातफर किंवा लाच सिद्ध झाली तर रकमेच्या दहापट दंड. त्यानंतर वर्तनाचा हिशेब. प्रत्येक जमातीचा एक तपासनीस आणि त्याचे दोन मदतनीस बाजाराच्या वेळात आपल्या जमातीच्या वीरपुरुषाच्या पुतळ्यापाशी बसत. ज्याला तक्रार करायची आहे त्याने चुना फासलेल्या पाटीवर लिहून द्यायचे: स्वतःचे नाव, आरोपीचे नाव, काय गैर केले आणि त्यासाठी किती दंड असावा.

हिशेब पुरा होईपर्यंत अधिकाऱ्याला देश सोडता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, मालमत्ता देवाला वाहता येत नसे. इ.स.पू. ३३० मधल्या एका भाषणात एस्किनीस हा वक्ता हे सगळे मोजून सांगतो आणि त्यात एक अप्रतिम तपशील देतो. ज्याच्या हातून सरकारी पैसा गेलाच नाही, त्यालाही लेखी द्यावे लागे: ‘मी नगराचे काही घेतले नाही आणि काही खर्चही केले नाही.’

आता आजचे. तुमची संस्था असो, प्रभाग असो वा देश, पुढच्या गोष्टी लागू पडतात. हिशेबाचा दिवस काम सुरू होण्याआधी ठरवा. नंतर मागितला तर तो संशय वाटतो, आधी ठरला असेल तर शिरस्ता होतो. दिलेली आश्वासने त्याच दिवशी लिहून, तारीख घालून ठेवा. वर्षानंतर प्रत्येकाला वेगळे आठवते. पैसा आणि वर्तन यांची चौकशी वेगळी करा. दोन्ही एकत्र केले की खर्चाच्या पावत्यांवरून सुरू झालेली चर्चा स्वभावावर घसरते आणि पावत्या तशाच राहतात. तक्रार त्या पांढऱ्या पाटीवर मावेल एवढी हवी: कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाविरुद्ध, काय केले आणि तुमची मागणी काय. पाचव्या गोष्टीवाचून केलेली तक्रार कोणीच मिटवू शकत नाही, कारण ती कशाने मिटेल तेच कोणाला माहीत नसते. आणि निरंक अहवालही घ्या. ज्याने काहीच खर्च केला नाही त्याची ‘काही नाही’ अशी सही पुढे कधीतरी उपयोगी पडते.

बिघडते कुठे? सर्वांत जास्त हेतूंवर बोट ठेवले की. ‘त्याने पैसे खाण्यासाठी केले’ हे सिद्ध करता येत नाही. ‘ठराव नसताना एवढी रक्कम दिली’ हे येते. दुसरा धोका खोट्या आरोपांचा. अथेन्समध्ये धंदा म्हणून खटले भरणारे लोक होते. त्यावर कायदा असा होता की सार्वजनिक खटला भरणाऱ्याला एक पंचमांश मतेही मिळाली नाहीत तर १,००० द्राख्मा (अथेन्सचे चलन) दंड आणि पुन्हा तसा खटला भरण्यास बंदी. कसबी कामगाराची मजुरी तेव्हा दिवसाला साधारण एक द्राख्मा होती, त्यावरून हिशेब करा. आजच्या सभेत दंड लावता येणार नाही, पण आरोप करणाऱ्याचे नाव इतिवृत्तात येईल एवढे तरी करता येते. निनावी आरोप स्वीकारायचा नाही. तिसरी चूक म्हणजे हिशेब कधी बंदच न करणे. एकदा निवाडा झाला की त्याच गोष्टीवर पुन्हा खटला नाही, हाही अथेन्सचा कायदा होता. हिशेब पटला तर तसा ठराव करा आणि त्या माणसाला मोकळे करा. नाहीतर प्रामाणिक माणसे पद घ्यायला तयार होत नाहीत.

याचे तत्त्वज्ञानाशी नाते काय, असे काहींनी विचारले आहे. शब्दातच आहे. अधिकारी हिशेब देतो त्याला ग्रीकमध्ये ‘लोगोन दिदोनाई’ म्हणत. लोगोस म्हणजे शब्द, कारण आणि हिशेबसुद्धा. सॉक्रेटिस बाजारात गाठून माणसांकडे जे मागत असे, म्हणजे ‘धैर्य म्हणतोस ते काय, सांग’, त्यालाही नेमका हाच शब्द आहे. शहर अधिकाऱ्यांकडून पैशाचा हिशेब घेई, सॉक्रेटिस नागरिकाकडून त्याच्या मतांचा घेई. दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याने आपल्या मताचा हिशेब देण्याची तयारी ठेवली पाहिजे, ही अट त्यातून आपोआप येते.

प्रश्न : निवडणुकीतली भाषणे ऐकताना भारावून जायला होते. ग्रीकांनी वक्तृत्वाचा एवढा अभ्यास केला. ऐकणाऱ्याने काय पाहावे, याबद्दल ते काही सांगतात का?

सांगतात, आणि ॲरिस्टॉटलचे ‘ऱ्हेटोरिक’ वक्त्यासाठी लिहिलेले असले तरी श्रोत्यालाच जास्त उपयोगी आहे. सभेत सल्ला देणाऱ्यांचे मुख्य विषय तो पाच धरतो: राज्याचे उत्पन्न, युद्ध आणि शांतता, देशाचे संरक्षण, आयात-निर्यात आणि कायदे. उत्पन्नावर बोलणाऱ्याला काय ठाऊक हवे, तेही सांगतो. कोणकोणत्या मार्गांनी पैसा येतो, किती येतो, कोणता मार्ग राहून गेला आहे. आणि खर्च कोणता अनावश्यक, कोणता गरजेपेक्षा मोठा.

भाषण ऐकताना एक कागद घ्या आणि त्यावर हे पाच रकाने पाडा. प्रत्येक रकान्यात वक्त्याने सांगितलेली ठोस गोष्ट लिहा. ठोस म्हणजे आकडा, मुदत, कायद्याचे नाव किंवा ‘हे बंद करून ते करीन’ असे विधान. तासाभराचे भाषण संपल्यावर रकाने रिकामे राहिले तर ते भाषण सल्ल्याचे नव्हते, स्तुतीचे किंवा निंदेचे होते. ॲरिस्टॉटल त्यांना वेगळ्या प्रकारात घालतो. मग वक्त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव, भावनेचा प्रभाव आणि युक्तिवादाचा प्रभाव हे तिन्ही वेगळे करून पाहा. पहिले दोन त्याला वाईट वाटत नाहीत. पण तिसऱ्याची जागा त्यांनी घेतली की गडबड होते.

भावनेच्या भरात काय घडते याची दोन उदाहरणे अथेन्सने स्वतःच ठेवली आहेत. इ.स.पू. ४२८ मध्ये मितिलीनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केले आणि ४२७ मध्ये ते मोडून पडले. आमसभेने रागाच्या भरात ठरवले की तिथल्या सर्व प्रौढ पुरुषांना ठार करायचे आणि बायकामुलांना गुलाम करायचे. हुकूम घेऊन जहाज निघालेसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांना आपण काय केले ते उमगले, सभा पुन्हा भरली. क्लीऑन नावाचा पुढारी म्हणाला, ठरले ते ठरले. डायोडोटसने उलट बाजू मांडली, पण त्याने दयेची याचना केली नाही. आपला फायदा कशात आहे, एवढेच विचारले. थोड्या मतांनी हुकूम फिरला. दुसरे जहाज पाठवले गेले तेव्हा पहिले साधारण एक दिवस-रात्र पुढे होते. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारतामारताच वाइन आणि तेलात कालवलेले सातूचे पीठ खाल्ले, झोप पाळीपाळीने घेतली. पहिला हुकूम वाचून होतो न होतो तोच ते पोहोचले. तरीही बंडाला जबाबदार धरलेले हजाराहून थोडे जास्त लोक मारले गेले, हे थ्युसिडिडीस लिहितो.

इ.स.पू. ४०६ मध्ये मात्र दुसरे जहाज नव्हते. आर्गिनुसाईची समुद्री लढाई जिंकली, पण वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आले नाही. आठ सेनापतींवर आरोप आला. प्रत्येकाचा वेगळा विचार व्हायला हवा होता. सगळ्यांवर एकाच मतदानात निर्णय घेण्याचा प्रस्ताव आला. तो बेकायदा आहे, असे काहींनी म्हणताच लोक ओरडले की लोकांना हवे ते करू दिले नाही तर भयंकर होईल. हरकत घेणाऱ्यांनाही त्याच मतदानात ओढण्याची धमकी दिली गेली. त्या दिवशी सभेची सूत्रे असलेल्या गटात सॉक्रेटिस होता. बाकीचे नमले, तो नमला नाही. हाती असलेले सहा सेनापती मारले गेले. पुढे लोकांना पश्चात्ताप झाला.

दोन्ही ठिकाणी लोक तेच, फरक प्रक्रियेचा. म्हणून सभेत घाईने प्रस्ताव आला की तीन गोष्टी विचाराव्यात: हा प्रस्ताव नियमात बसतो का, यात अनेकांचा निवाडा एकाच मताने होतो का, आणि एक रात्र मध्ये जाऊ दिली तर काय बिघडेल? तिसऱ्याला नीट उत्तर मिळाले नाही, तर थांबायचे.

प्रश्न : ‘राजकारणापासून दूर राहिलात तर वाईट लोक तुमच्यावर राज्य करतील, — प्लेटो’ हे वाक्य सगळीकडे फिरते. हे त्याचेच आहे का?

मूळ त्याच्याकडेच आहे, पण वाक्य आणि संदर्भ दोन्ही बदलले आहेत. ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस म्हणतो की चांगल्या माणसाला पैशाचा किंवा मानाचा मोह नसतो, त्यामुळे त्याला सत्तेकडे ढकलायला दंडाची भीती लागते. आणि स्वतः राज्य करायला तयार नसल्यास मोठ्यात मोठा दंड म्हणजे आपल्याहून वाईटाच्या हाताखाली राहणे. हे पद स्वीकारण्याबद्दल आहे. मतदानाचा तिथे विषयच नाही.

अशी वाक्ये तपासायची सोपी खूण आहे. प्लेटोच्या कोणत्याही गंभीर आवृत्तीत समासात आकडा आणि अक्षर असते. हे वाक्य ३४७ ‘सी’ला सापडते. ही पाने १५७८ च्या छापील आवृत्तीची, आणि भाषांतर कोणतेही असो, ती तीच राहतात. उद्धरणासोबत असा आकडा कोणी देऊ शकत नसेल तर ते पुढे पाठवू नका.

प्रश्न : अन्यायी कायदा पाळावा की मोडावा? सॉक्रेटिस एकीकडे न्यायालयाला नकार देतो आणि दुसरीकडे तुरुंगातून पळून जायला तयार होत नाही. हा विरोध कसा सोडवायचा?

दोन्ही प्रसंग इ.स.पू. ३९९ चे आहेत, सॉक्रेटिस तेव्हा सत्तर वर्षांचा. प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’त तो खटल्याच्या वेळी पंचांना सांगतो की तत्त्वचर्चा सोडण्याच्या अटीवर मला सोडणार असाल तर मी ती अट पाळणार नाही. प्लेटोच्याच ‘क्रायटो’त तो पळून जायला नकार देतो, कारण कायदे त्याला म्हणतात: आम्हाला पटवून दे किंवा आमचे ऐक.

गाठ सुटते ती एका फरकाने. अन्याय करणे वेगळे आणि अन्याय सोसणे वेगळे. अन्याय करायला सांगितले तर तो नकार देतो. सहा सेनापतींच्या वेळी दिला, आणि लोकशाही मोडून सत्तेवर आलेल्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांनी त्याच्यासह पाच जणांना सालामिसच्या लिऑनला मारण्यासाठी पकडून आणायला सांगितले तेव्हाही दिला. बाकीचे चौघे गेले, हा घरी गेला. पण अन्याय सोसायची वेळ आली तेव्हा त्याने चोरवाट घेतली नाही.

म्हणून आज कोणी ‘सॉक्रेटिसप्रमाणे मी हा नियम पाळणार नाही’ म्हणत असेल तर विचारा: तुम्हाला काही वाईट करायला भाग पाडले जात आहे, की केवळ गैरसोय होते आहे? नकार उघडपणे देता आहात का? परिणाम सोसायला तयार आहात का? आणि त्याआधी पटवून देण्याचा प्रयत्न केलात का? ‘पटवून दे’ हा अर्धा भाग लोक विसरतात, आणि तो वर्षानुवर्षे खाणारा आहे.

प्रश्न : स्त्रिया आणि गुलाम यांना वगळून उभ्या राहिलेल्या लोकशाहीकडून आम्ही का शिकावे?

वगळले होते, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. इ.स.पू. ४५१ पासून आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व मिळे. परदेशी रहिवासी पुरुष वर्षाला १२ द्राख्मा कर भरे, युद्धावरही जाई, आणि मत त्याला नव्हते. ॲरिस्टॉटल स्वतः अथेन्समध्ये असाच परका रहिवासी होता. नागरिक कोण याची व्याख्या करणारा माणूस त्या शहराच्या आमसभेत बोलू शकत नव्हता! आणि त्यानेच गुलामगिरीचे समर्थन केले, हेही खरे.

शिकायचे ते यंत्रणेकडून: पाळी, भत्ता, चौकशी, हिशेब. या गोष्टींना पुरुष असणे लागत नाही. आणि त्यांच्या चुकीतून एक तपासणीही मिळते. तुमच्या सभेचा निर्णय ज्यांच्यावर लागू होतो त्यांची यादी करा, आणि सभेत मत असलेल्यांची दुसरी. पहिल्या यादीत असून दुसरीत नसलेले कोण, ते पाहा. भाडेकरू, कंत्राटी कामगार, नव्याने आलेली माणसे बहुधा तिथेच सापडतील.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या सभेत दोन-तीन जणच बोलत राहतात. जलघड्याळाचा उपाय आज करता येईल का?

करता येईल, आणि तो जरूर करावा. अथेन्सच्या बाजारचौकात सापडलेल्या मातीच्या पात्रात दोन ‘खूस’ म्हणजे साधारण ६.४ लिटर पाणी मावते आणि ते सहा मिनिटांत गळून जाते. म्हणजे एका खूसला तीन मिनिटे. न्यायालयात बोलण्याची वेळ दाव्याच्या रकमेवरून ठरे. ५,००० द्राख्मांच्या वरच्या दाव्याला पहिल्या भाषणासाठी दहा खूस आणि दुसऱ्यासाठी तीन. त्याखालच्याला सात आणि दोन. १,००० च्या आतल्याला पाच आणि दोन. आपल्या मिनिटांत सांगायचे तर ३० आणि ९, २१ आणि ६, १५ आणि ६. दोन्ही बाजूंना सारखेच.

यातली विसरली जाणारी गोष्ट अशी की कायदा किंवा साक्ष वाचली जात असताना पाणी थांबवत. ते कराच. नाहीतर पुरावा आणणाऱ्याचा वेळ पुराव्यात जातो आणि नुसते बोलणाऱ्याला पूर्ण वेळ मिळतो. विषयपत्रिकेवरच प्रत्येक मुद्द्यापुढे मिनिटे छापा, घड्याळ सर्वांना दिसेल असे ठेवा, आणि ते पाहणारा माणूस दर सभेला सोडतीने बदला.